कॅमेऱ्याला कोणी शिकवलं?

दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही. रिलीज होतं, त्यामुळे वीकेंड फक्त कॅलेंडरमध्ये होता. गेल्या रविवारी मात्र लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला आणि टीममधल्या एका मित्राबरोबर भल्या पहाटे मुळशीला गेलो. पाण्यावर धुकं, मागे डोंगर, आणि सूर्य अजून डोंगराआड. फोटो काढणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मी माझा जुना डीएसएलआर काढला. मित्राने आपल्या कॅमेऱ्यावर, जिथे फ्लॅश लावतात तिथे, एक काळी डबी बसवली. तिची वायर कॅमेऱ्याला, आणि वायफायवरून ती मोबाईलला जोडलेली.

"काय रे हे?"

"एआय. सेटिंग सांगतं. आपण फक्त उभं राहायचं."

मी मनातल्या मनात हसलो. पण फोटो बघितल्यावर हसू मावळलं. माझ्या फोटोतलं धुकं राखाडी, मळकट, सिमेंटच्या धुरळ्यासारखं. त्याच्या फोटोतलं धुकं पांढरं, आतून उजेड असल्यासारखं. म्हणजे खरोखर दिसत होतं तसंच. मी काय चुकलो ते मला माहीत होतं (एक्स्पोजर थोडं वाढवायला हवं होतं, झोपेत विसरलो). पण डबीला ते कसं कळलं?

"ट्रेन केलंय ना तिला."

"कोणी? कशावर?"

"ते मला काय माहीत! एपीआय आहे, वापरायचा."

आम्ही प्रोग्रामर लोक असेच. दुसऱ्याची लायब्ररी उचलायची आणि आत काय आहे ते बघायचं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग आठवडाभर रात्री वाचत बसलो, त्यातून हा लेख.

आधी थोडक्यात अडचण काय ते सांगतो. फोटोसाठी तीन गोष्टी ठरवायच्या असतात. भिंगामागचं भोक किती उघडायचं, ते किती वेळ उघडं ठेवायचं आणि फिल्म किंवा सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ. उजेड मोजणं हा तुलनेने सोपा भाग आहे. खरी गोम अशी की फोटोत किती उजेड 'बरोबर', हे उजेड मोजून कळत नाही. ते कोणीतरी ठरवावं लागतं.

आमच्या घरी हे बाबा ठरवायचे. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनलेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर अजून सापडेल. त्यावर सेटिंग म्हणजे ऊन आणि ढग अशी चिन्हं. बाबांचा नियम साधा होता: "ऊन असेल तर ऊन, ढग असेल तर ढग. तिसरं काही असेल तर फोटो काढायचा नाही, रोल महाग असतो." एका रोलमध्ये बारा फोटो. त्यामुळे आमच्या घरच्या अल्बममध्ये संध्याकाळ हा प्रकारच नाही. सगळं बालपण भर दुपारी डोळे बारीक करून गेलंय असं वाटतं :)

हे ऊन-ढग प्रकरण वाटतं त्यापेक्षा बरंच जुनं आहे. इंग्लंडमध्ये विड्नेस नावाचं रासायनिक कारखान्यांचं गाव आहे. तिथे फर्डिनांड हर्टर हा स्विस केमिस्ट आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड हा इंजिनियर, असे दोन मित्र होते. दोघांनाही फोटोग्राफीचा नाद, आणि 'अंदाजाने' या शब्दाचा राग. १८८८ साली त्यांनी अ‍ॅक्टिनोग्राफ नावाच्या उपकरणाचं पेटंट घेतलं. दिसायला स्लाइड रूल. तारीख, वेळ, हवा, प्लेटचा वेग आणि भिंग यांच्या पट्ट्या जुळवल्या की एक्स्पोजर किती द्यायचं ते वाचता यायचं. तारीख आणि वेळ कशाला? तर सूर्य किती वर असेल ते काढायला. म्हणून त्यातला तक्ता ठरावीक अक्षांशासाठी छापलेला असे. थोडक्यात काय, लाकडी चौकटीतला लुकअप टेबल! ते यंत्र उजेड मोजत नव्हतं. आत्ता उजेड किती असायला हवा, हे ते सांगत होतं.

मोजायला सुरुवात झाली १९३० च्या आसपास. सेलेनियमवर उजेड पडला की बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावर काटा हलवायचा. १९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीचा हातात धरायचा मीटर आला आणि फोटोग्राफरच्या गळ्यात मीटर लटकू लागला. मग पुढचा विचार साहजिक होता. काटा हलतोच आहे तर त्यालाच भोक लहानमोठं करू द्यावं, माणूस मध्ये कशाला? हा विचार करणाऱ्यांत एक नाव बघून मी खुर्चीत सावरून बसलो: अल्बर्ट आइन्स्टाइन! गुस्ताव्ह बकी या डॉक्टर मित्राबरोबर त्याने प्रकाशाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचं अमेरिकन पेटंट घेतलं, २७ ऑक्टोबर १९३६ रोजी. ज्या माणसाला नोबेल मिळालं तेच मुळी प्रकाशविद्युत परिणामासाठी, त्याने तोच परिणाम कॅमेऱ्यात बसवून बघितला. ऑटो मोडच्या खापरपणजोबांत आइन्स्टाइन आहे, हे पुढच्या वेळी ट्रेकवर कोणी "ऑटोवर काढतोस? शी!" म्हणालं की ऐकवायला बरं.

विकत मिळणारा पहिला तसा कॅमेरा म्हणजे कोडॅकचा सुपर सिक्स-२०, साल १९३८. किंमत २२५ डॉलर. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती, त्यामुळे तो जेमतेम काहीशे नग बनून संपला. सामान्य माणसापर्यंत ऑटो पोचलं ते १९५९ च्या आग्फा ऑप्टिमामुळे. त्यात बटण दाबलं की हिरवं दिसायचं, म्हणजे काढा, किंवा लाल दिसायचं, म्हणजे उजेड पुरेसा नाही. दोन वर्षांनी आलेला ऑलिंपसचा पेन ईई तर आणखी पुढे गेला. उजेड कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पाटी वर यायची आणि बटणच दाबलं जायचं नाही. म्हणजे बाबांचाच नियम, फक्त यंत्राच्या तोंडून!

आता इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. मीटरला पुढ्यात काय आहे ते कळत नाही, फक्त किती उजेड येतोय ते कळतं. मग बर्फ आहे म्हणून उजेड जास्त, की ऊन आहे म्हणून? हे सांगता येत नसल्याने सगळ्या मीटरांनी एक गृहीतक धरलं. जगातलं कुठलंही दृश्य, काळं-पांढरं सगळं ढवळून सरासरी काढली, तर मध्यम राखाडी निघतं. फोटोग्राफर ज्याला १८ टक्के ग्रे म्हणतात तो. त्यामुळे मीटर बर्फाचा फोटो काळवंडवतो आणि काळ्या म्हशीचा फोटो उजळवतो. मुळशीचं माझं धुकं इथेच मळलं. हा बग नाही. स्पेकमध्येच तसं लिहिलंय.

ज्यांच्या डोक्यात जग भरलेलं असतं, त्यांना या गृहीतकाची गरज पडत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची गोष्ट प्रसिद्ध आहे. न्यू मेक्सिकोत गाडीने जाताना हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला दिसला, स्मशानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतं ऊन होतं. गाडी थांबवून कॅमेरा उभा केला, आणि मीटर सापडेना! ऊन तर चाललेलं. तेव्हा त्याला आठवलं की चंद्राची तेजस्विता आपल्याला माहीत आहे, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनात हिशोब केला आणि एफ/३२ वर एक सेकंद दिला. दुसरी प्लेट काढेपर्यंत ऊन गेलं होतं. त्याला स्वतःला त्या फोटोची तारीख नीट आठवत नव्हती. ती पुढे चंद्राच्या जागेवरून गणित करून काढली गेली: १ नोव्हेंबर १९४१. एकच निगेटिव्ह, आणि तीही छापायला अवघड. त्याने ती पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या प्रकारे छापली. म्हणजे 'बरोबर उजेड' किती, याबद्दल त्याचं स्वतःचंच मत बदलत गेलं.

तर कॅमेरा कंपन्यांपुढचा प्रश्न असा: अ‍ॅडम्सच्या डोक्यातलं सामान डबीत कसं भरायचं?

१९८३ मध्ये निकॉनने एफए नावाच्या कॅमेऱ्यात पहिलं पाऊल टाकलं. दृश्याचे पाच तुकडे करायचे, प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजायचा आणि त्या पाच आकड्यांची नक्षी बघून ठरवायचं की वर आकाश असणार, मध्ये माणूस असणार, वगैरे. नक्षी आणि निर्णय यांची सांगड घातली होती निकॉनच्या लोकांनी, ढीगभर फोटो तपासून. १९९६ च्या एफ५ मध्ये पाचाचे १००५ ठिपके झाले, तेही रंग ओळखणारे, आणि आत तीस हजारांहून जास्त खऱ्या फोटोंच्या अभ्यासावर आधारलेला डेटाबेस असल्याचं कंपनी सांगायची. माझ्या मते खरी सीमारेषा ही आहे. इथून पुढे कॅमेरा नुसतं मोजत नाही, 'हे आधी कुठेतरी पाहिलंय' असं म्हणतो. एआय हा शब्द जाहिरातीत यायच्या कितीतरी आधी.

मधल्या काळात काही भन्नाट गोष्टी झाल्या. १९८८ च्या सुमारास मिनोल्टाने कॅमेऱ्यात घालायची छोटी कार्डं काढली. खेळाचे फोटो काढायचे तर खेळाचं कार्ड घाला, पोर्ट्रेटला पोर्ट्रेटचं. प्लगइन्सच की! आणि कॅननने १९९० मध्ये ईओएस १० बरोबर चक्क बारकोड आणला. सोबत नमुन्याच्या फोटोंची पुस्तिका. तुम्हाला असा फोटो हवाय ना? मग त्याखालचा बारकोड छोट्या रीडरने वाचा, तो रीडर कॅमेऱ्याला लावा, झालं सेटिंग. मला हे वाचून इतका आनंद झाला की मित्राला रात्री साडेअकराला फोन केला. त्याची डबी आणि ही पुस्तिका यांत तत्त्वाचा फरक काय? पुस्तिकेत आपण फोटो निवडायचो, डबीत ती निवडते.

"आणि निवडण्यातच तर सगळं आलं ना," तो जांभई देत म्हणाला. झोपेत माणूस कधीकधी खरं बोलतो.

ही डबी जात बाजारात आली ती २०१७ मध्ये. आर्सेनल नावाच्या प्रकल्पाने किकस्टार्टरवर पंचवीस लाख डॉलरहून जास्त पैसे गोळा केले. कॅमेऱ्यातून येणारं चित्र न्यूरल नेटवर्कने ओळखायचं, तशाच फोटोंना कोणती सेटिंग होती ते बघायचं, वर वारा, हलतं पाणी, हाताचा कंप असे घटक धरून आकडे सुचवायचे. त्याच वर्षी गुगलने क्लिप्स नावाचा छोटा कॅमेरा जाहीर केला. तो घरात कुठेतरी ठेवून द्यायचा, फोटो कधी काढायचा हेसुद्धा तोच ठरवणार. त्याला शिकवायला गुगलने माणसांना फोटोंच्या जोड्या दाखवून 'यातला बरा कुठला' असं विचारलं होतं. म्हणजे 'कोणी शिकवलं?' याचं निदान एका बाबतीत तरी सरळ उत्तर मिळतं: बसून चांगलं-वाईट ठरवणाऱ्या माणसांनी. क्लिप्स २०१९ मध्ये बंद पडला. डबीची विद्या फोनमध्येच आल्यावर वेगळी डबी कोण घेणार? एकाऐवजी बरेच फोटो काढून ते एकत्र करायचं, २०१८ मध्ये आलेला नाइट मोड, जेवणाचं ताट ओळखणारा सीन मोड, हे आता खिशात असतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवरून गदारोळ झाला. एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्राचा फोटो मॉनिटरवर लावला आणि खोलीत अंधार करून फोनने त्याचा फोटो काढला. फोनने खड्डे-डाग नसलेल्या चंद्रावर खड्डे-डाग आणून दिले. कंपनीने सांगितलं की चंद्र ओळखला की फोन तपशील सुधारतो. अ‍ॅडम्सला चंद्राचा उजेड पाठ होता, फोनला चंद्राचा चेहरा पाठ आहे.

चंद्राचं ठीक आहे, त्याची काही तक्रार नाही. माणसांचं काय?

फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅककडून एक नमुना फोटो यायचा. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे, कारण सुरुवातीच्या मॉडेलचं नाव शर्ली. गोरी बाई. तिची कातडी नीट आली की मशीन नीट. जगभर हाच धडा. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. डिजिटलमध्येही तेच चालू राहिलं. २००९ साली निकॉनच्या एका छोट्या कॅमेऱ्याने एका तैवानी-अमेरिकन कुटुंबाला फोटोमागून फोटो विचारलं: "कोणी डोळे मिटले का?" कोणी मिटले नव्हते. गुगलने 'रिअल टोन' नावाने सावळ्या-काळ्या त्वचेसाठी आपला कॅमेरा पुन्हा शिकवायला घेतला तो २०२१ मध्ये.

हे सगळं वाचताना मला बाळ्याचा साखरपुडा आठवत होता. बाळ्या माझा आतेभाऊ, कराडला असतो. रंगाने काळा. लहानपणी आम्ही भावंडांनी त्याला त्यावरून जे जे म्हटलंय ते इथे लिहायची मला लाज वाटते. गेल्या वर्षी त्याच्या साखरपुड्याला फोटोग्राफर यायला उशीर झाला म्हणून मी माझ्या फोनवर फोटो काढत होतो. ब्युटी मोड वगैरे सगळं बंद, मी स्वतः तपासलं होतं. फोटो एकदम झकास आले. काकू म्हणाल्या, "कित्ती उजळ आलाय बाळ्या!" मावशींनी फोन हातोहात फिरवला. मग तो आत्याकडे गेला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "कोण रे हा?"

"अगं आत्या, आपला बाळ्याच की."

"माझा बाळ्या असा नाही," ती म्हणाली. "हा धुऊन काढल्यासारखा दिसतोय."

सगळे हसले. मीपण हसलो. ती हसली नाही, फोन परत देऊन आत निघून गेली.

काय झालं होतं ते मला आता नीट सांगता येतं. फोनने चेहरा ओळखला. चेहरा किती उजळ 'असायला हवा' याची एक ठरलेली कल्पना त्याच्या आत असणार. तिथपर्यंत त्याने बाळ्याला ओढत नेलं. काळ्या म्हशीची राखाडी म्हैस करणारा जो सेलेनियमचा काटा होता, त्याचाच हा हुशार पणतू. काट्याला निदान समोर कोण आहे हे माहीत नव्हतं.

मी त्याच दिवशी, पंगत उठल्यावर, पुन्हा एक फोटो काढला. या वेळी कॅमेऱ्यावर, सगळं हाताने. पडवीत, पत्र्याच्या सावलीत, बाजूने येणारा उजेड. मीटर सांगत होता त्यापेक्षा दोन तृतीयांश स्टॉप कमी. बाळ्याचा काळा तुकतुकीत चेहरा, कपाळावर ओलं कुंकू, आणि गालावर खिडकीएवढा उजेडाचा तुकडा. माझ्या मते मी आजवर काढलेल्या चार-पाच चांगल्या फोटोंपैकी तो एक. आत्याला प्रिंट करून पाठवला, तिने तो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलाय.

बाळ्यालाही दोन्ही पाठवले होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर त्याने फोनवाला ठेवलाय. लेख लिहायच्या आधी मुद्दाम बघितलं, अजून तोच आहे.